वाढत्या शहरातला एक रस्ता सुधारायचाय? हॉटमिक्स सगळ्यात शेवटी

गोव्यात फोंडा घ्या, पर्वरी घ्या, म्हापसा घ्या, जिथं शेतं आणि बागायती होत्या तिथं आता बिल्डिंगी आहेत आणि रस्ते मात्र अजून त्याच जुन्या वाटांचेच, फक्त वर डांबर चढलेलं. मग लोक वैतागतात आणि मागणी येते ती एकच, हॉटमिक्स करा, म्हणजे गरम डांबराचा नवा थर घाला. ते होतंही, दोन पावसाळे टिकतं, मग कोणीतरी केबलसाठी खोदतं आणि परत पहिले पाढे पंचावन्न. माझं म्हणणं सरळ आहे, क्रम उलटा करा. आधी पाणी, मग चालणारी माणसं, मग जमिनीखालच्या लाइनी, मग गाड्या आणि पार्किंग, आणि डांबर सगळ्यात शेवटी. वॉर्डातले लोक, नगरसेवक, पंच, सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांना कोणाला आपल्या भागातला रस्ता खरंच सुधारायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी फोंड्याचा, त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील.

पहिलं काम म्हणजे एकच रस्ता निवडा. अर्धा किलोमीटर पुरे. प्रत्येक वॉर्डात पन्नास-पन्नास मीटर वाटून घेतलं की सगळ्यांचं समाधान होतं पण चालणाऱ्याला काही मिळत नाही, कारण फुटपाथ मधेच सुरू होतो आणि मधेच संपतो. जिथं शाळा, बाजार आणि बसस्टॉप एकाच रस्त्यावर येतात तो रस्ता घ्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण करा. तो एक नीट झाला की शेजारच्या रस्त्याचे लोक स्वतःहून मागणी घेऊन येतात.

मग तो रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते लेखी काढा. हे कंटाळवाणं आहे पण इथंच निम्मी कामं अडतात. फोंड्यात पालिकेची हद्द संपते आणि लगेच कुर्टी-खांडेपार पंचायत लागते, दुसऱ्या बाजूला बांदोडा, काही रस्ते पीडब्ल्यूडीकडे, काही पालिकेकडे, हायवेचा विभाग आणखी वेगळा. तोंडी उत्तरावर जाऊ नका, अर्ज करा, नाही मिळालं तर माहिती अधिकारात विचारा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सोबत सर्व्हे प्लॅन आणि दोन्ही बाजूंच्या जागांचे एक-चौदाचे उतारे, म्हणजे जमिनीच्या नोंदीचे कागद, काढून ठेवा (शहर भागात असाल तर सिटी सर्व्हेचा फॉर्म डी), म्हणजे रस्त्याची जागा कुठं संपते आणि खासगी जागा कुठं सुरू होते यावर नंतर भांडण होणार नाही. खूप ठिकाणी कंपाउंड वॉल पुढं आलेली असते आणि तिथल्या घरमालकालाही ते माहीत नसतं.

आता टेप घेऊन बाहेर पडा. एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, दर वीस-पंचवीस मीटरवर माप घ्या आणि वहीत लिहा. फुटपाथ, गटार, डांबर, खांब, ट्रान्सफॉर्मर, झाडाचा बुंधा, दुकानाच्या पायऱ्या, सगळं. जुन्या बाजारात गेलात तर दुकानांच्या पायऱ्या जरूर बघा. चिऱ्यांची जुनी दुकानं असतात त्यांना पूर्वी तीन पायऱ्या होत्या, आज एक दिसते, बाकीच्या डांबराखाली गेल्या. प्रत्येक वेळी जुना थर न काढता वर नवीन थर घातला की रस्ता चार-पाच सेंटीमीटर वर येतो, आणि मग पावसाचं पाणी गटारात जायच्या ऐवजी दुकानात जातं. म्हणून तुमच्या मागणीपत्रात एक ओळ ठळक लिहा की नवीन थर घालण्याआधी जुना थर मशीनने खरवडून काढावा आणि रस्त्याची लेव्हल दुकानाच्या जोत्यापेक्षा वर जाता कामा नये.

आणि हे सगळं केल्यावर, किंवा खरं तर याच्याही आधी, पावसात चाला. आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमधे. मुंबई-पुण्याहून आणलेला तयार नकाशा इथं चालत नाही. जुलैमधे जोराची सर आली की छत्री घेऊन निघा, दोघं-तिघं जा, एकाने फोटो काढायचे, एकाने वेळ आणि जागा लिहायची. पाणी कुठून येतं, कुठं साचतं, किती वेळाने ओसरतं आणि शेवटी कुठं जातं, हे चार प्रश्न. बहुतेक वेळा पाणी साचतं तिथं दोष नसतोच, दोष असतो शंभर मीटर पुढं, कोणीतरी गेटसाठी गटारावर स्लॅब टाकून खाली सहा इंची पाइप घातलेला असतो आणि मागचं गटार मात्र दोन फूट रुंद. त्या पाइपात नारळाची सोडणं आणि प्लास्टिक अडकलं की संपलं. रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारी मोरी कुठं आहे ती शोधा, तिचं तोंड मोजा, आणि मोरीच्या पलीकडे जे शेत होतं ते अजून आहे की भरून टाकलंय ते बघा, कारण ते भरलं असेल तर तुमचं गटार कितीही चांगलं बांधा, पाणी जाणार कुठं? डोंगर उताराची बाजू असेल, फर्मागुडीकडून खाली येणारा एखादा रस्ता धरा, तर वर कुठं डोंगर कापलाय का तेही बघा, लाल माती खाली येऊन गटार एका सरीत भरतं. या फोटोंची फाइल म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. मार्चमधल्या मीटिंगमधे इंजिनियर म्हणतो इथं पाणी साचत नाही, तेव्हा तारीख-वेळेसकट फोटो पुढं ठेवायचा.

गाड्यांची आणि माणसांची मोजणी मात्र कोरड्या दिवशी करा, आठवड्याचा साधा दिवस, सुट्टी नको, चतुर्थीच्या आधीचा आठवडाही नको. दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना. सकाळी आठच्या आसपास, संध्याकाळी साडेपाच ते आठ हे कोणीही करतं, पण गोव्यात दुपारची मोजणी चुकवायची नाही, कारण एकच्या सुमाराला शाळा सुटतात आणि दुकानंही त्याच वेळी बंद व्हायला लागतात, स्कूलबस, पालकांच्या स्कूटर, घरी जेवायला निघालेला दुकानदार, सगळे एकाच अर्ध्या तासात रस्त्यावर. चालणाऱ्यांना वेगळं मोजा, म्हातारी माणसं आणि शाळेची मुलं आणखी वेगळी. माणसं कमी पडली तर फर्मागुडीला गोवा इंजिनियरिंग कॉलेज आहे, सिव्हिलच्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून विचारून बघा.

मापं आणि आकडे हातात आले की मग कागदावर रस्ता वाटायचा. धरा तुमचा रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत 12 मीटर आहे. दोन्ही दिशांच्या गाड्यांना मिळून 6 मीटर पुरतात, तीन-तीन मीटरच्या दोन लेन, बसही जाते, फक्त सुसाट जात नाही आणि तेच हवंय. राहिले सहा. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर फुटपाथ, त्याच्याच खाली झाकलेलं गटार, आणि उरलेले दोन मीटर एका बाजूला पार्किंग. इथं कोणीतरी म्हणेल की लेन रुंद करा म्हणजे ट्रॅफिक सुटेल. नाही सुटत. जास्तीच्या जागेत डबल पार्किंग होतं आणि अडायचं ते अडतंच. पार्किंगमधे स्कूटरला आधी जागा द्या, एका कारच्या जागेत पाच-सहा स्कूटर आरामात लागतात आणि आपल्या बाजारात येणारं निम्मं पब्लिक स्कूटरवरच असतं. मोटरसायकल पायलटांचा (दुचाकी टॅक्सीवाल्यांचा) स्टँड आणि रिक्षा स्टँडही नकाशावर आत्ताच दाखवा, नाहीतर काम झाल्यावर ते नेमके फुटपाथवरच उभे राहणार, आणि त्यांचाही दोष नाही, त्यांना जागाच ठेवलेली नसते.

फुटपाथबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण इथंच सगळे पैसे वाया जातात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीप्रमाणे रहिवासी भागात किमान 1.8 मीटर आणि बाजारात 2.5 मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणजे वरच्या उदाहरणातले दोन मीटर रहिवासी भागाला पुरतात, बाजारात पार्किंगमधून जागा काढावी लागेल. मोकळी म्हणजे खांब, झाड, बोर्ड सोडून उरलेली, नुसती रुंदी नाही. उंची 15 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे फूटभर उंच फुटपाथ बांधतात, गुडघे दुखणारी आजी त्यावर चढतच नाही, ती खाली डांबरावरून चालते. दुसरं, प्रत्येक गेटपाशी फुटपाथ खाली उतरतो आणि परत चढतो, तसं नको, फुटपाथ एकाच लेव्हलला सलग जाऊ द्या आणि गाडीने रॅम्प चढून आत जावं. जिथं उतरायचंच आहे तिथं उतार एकास बारा, व्हीलचेअर आणि बाळाची गाडी दोन्ही जातात. पेव्हर (सिमेंटचे ब्लॉक) घालणार असाल तर नुसत्या चालण्याच्या भागाला 60 मिलिमीटर जाडीचे चालतात, पण गाडी जिथून आत जाते तिथं 80 चे घ्या, नाहीतर सहा महिन्यांत खचतात. गटारावरची झाकणं दोन माणसांना उचलता येतील एवढीच मोठी ठेवा. अखंड स्लॅब टाकला तर मे महिन्यात गाळ काढायला कोणी फोडणार आहे का?

झाडं तोडून फुटपाथ सरळ करायचा मोह होतो. नका करू. आपल्याकडे 1984 पासून झाडं राखण्याचा कायदा आहे आणि वनखात्याची परवानगी लागते हे तर आहेच, पण एप्रिलमधे दुपारी सावली नसेल तर तुमच्या चकचकीत फुटपाथवर चालणार कोण? बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी ठेवा.

रस्ता ओलांडायची जागा लोक आत्ता जिथं ओलांडतात तिथंच द्या, पन्नास मीटर लांब नेऊन झेब्रा मारलात तर तो रिकामाच राहतो. शाळेसमोर झेब्रा फुटपाथच्या लेव्हलला उचललेला असला तर उत्तम, तोच स्पीडब्रेकरचं काम करतो. साधा स्पीडब्रेकर करायचा असेल तर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, गोलसर, गाडी साधारण 25 च्या स्पीडने त्यावरून जाते. हातभर रुंदीचे उंचवटे घालतात ते कंबर मोडतात आणि पायलट लोक बाजूने वळसा घालून गटाराच्या कडेने जातात. चौकातले कोपरे जितके मोठे गोल, तितकी गाडी जोरात वळते, तेव्हा जिथं बस वळत नाही ते कोपरे घट्ट ठेवा.

गाडेवाले, भाजीवाल्या बायका, फुलवाल्या, यांना उठवून लावणं म्हणजे सुधारणा नव्हे. 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा सांगतो की सर्व्हे होईपर्यंत कोणाला हटवता येत नाही, आणि टाऊन व्हेंडिंग कमिटीत 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत. त्यांना बोलवा, बसा, जागा आखा. आणि आपल्या सणांचा हिशेब आधीच करा. चतुर्थीच्या आधी माटोळीचा, म्हणजे गणपतीवर फळाफुलांची जी सजावट टांगतात तिच्या सामानाचा, बाजार रस्त्यावर भरतो, खेड्यांतून लोक सुपारीचे घड, नारळ, रानातली फळं घेऊन बसतात, त्या दोन-तीन दिवसांसाठी पार्किंगची पट्टी त्यांना देता येते. शिगम्याला (गोव्यातला होळीचा सण) चित्ररथ आणि ढोल-ताशांवर नाचणारे रोमटामेळ जातात, तेव्हा मिरवणुकीच्या रस्त्यात पक्का डिव्हायडर आणि आडव्या लोंबणाऱ्या केबली नकोत, खांब लावायचेच तर काढता येणारे लावा.

आता जमिनीखालचं. पाण्याची लाइन, सिवरेज, वीज, इंटरनेट, गॅस, या सगळ्यांना एकाच टेबलावर बसवा आणि पुढच्या पाच वर्षांत तुम्ही इथं काय खोदणार ते लेखी घ्या. ओपाच्या पाणी प्रकल्पातून येणाऱ्या लाइनी आपल्या भागातून जातात, त्यांचा नकाशा मिळाल्याशिवाय जेसीबी लावायचा नाही. बंगळूरला टेंडरशुअर नावाच्या योजनेत हेच केलं, लाइनी फुटपाथखालच्या डक्टमधे घेतल्या म्हणजे नंतर काही लागलं तर डांबर फोडावं लागत नाही. आपल्याकडे निदान दर पन्नास मीटरवर रस्त्याखालून दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा, खर्च थोडा आहे आणि नंतरची खोदाई वाचते.

नकाशा तयार झाला की तो आधी जमिनीवर करून बघा. ड्रम, दोरी, चुना, पंधरा दिवस. वन-वे किंवा नो-पार्किंग करायचं तर जिल्हाधिकाऱ्यांचं नोटिफिकेशन लागतं, त्यासाठी ट्रॅफिक पोलिसांना सुरुवातीपासून सोबत घ्या. दुकानदार पहिल्या दिवशी नाराज असतात, गिऱ्हाईक तुटेल म्हणतात, आणि त्यांची भीती खोटी नाही, पोट आहे त्यावर. त्यांना पुण्याचा जंगली महाराज रस्ता दाखवा, तिथं फुटपाथ रुंद केले आणि लोक दुकानांसमोरून आरामात चालतात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पंधरा दिवसांनी परत त्यांच्याकडे जा आणि जे अडलं ते खरंच बदला. टेम्पोला माल उतरवायला जागा नाही म्हणाले तर सकाळी दहाच्या आत एक जागा राखून ठेवा.

पंचायत भागात असाल तर विषय ग्रामसभेत न्या, नेहमीच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमधे रविवारी असतात, ठराव लेखी द्या आणि मिनिट्समधे आला की नाही ते बघून घ्या. जुलैच्या सभेत पावसाचे फोटो ताजे असतात, तीच वेळ चांगली. ऑगस्ट-सप्टेंबरात डिझाइन आणि एस्टिमेट, पाऊस गेला की टेंडर, आणि मेच्या मध्यापर्यंत काम पूर्ण. मधे निवडणूक येत असेल तर आचारसंहितेत नवीन वर्क ऑर्डर निघत नाही, हे महिने आधीच वजा करा.

एस्टिमेटची कॉपी मागून घ्या आणि त्यात गटार, झाकणं, रॅम्प, दिवे हे वेगवेगळ्या ओळीत आहेत का ते तपासा, कारण पैसे कमी पडले की पहिली कात्री यांनाच लागते आणि डांबर तेवढं राहतं. डिफेक्ट लायबिलिटीचा काळ, म्हणजे बिघाड झाला तर कॉन्ट्रॅक्टरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, किती आहे तो बोर्डावर लिहायला लावा. कामानंतरच्या पहिल्या जुलैत परत तीच छत्री, तीच वही, जुन्या फोटोंच्या त्याच जागा. कुठं पाणी साचलं, कोणता पेव्हर खचला, कोणतं झाकण हलतंय याची यादी करून कॉन्ट्रॅक्टरची डिपॉझिट सुटायच्या आत इंजिनियरच्या हातात द्या आणि इनवर्डचा शिक्का मारलेली कॉपी जपून ठेवा.