आठ तारांच्या लॅप स्टीलला सी सिक्स्थ का लावलं

आमच्या खानापूर भागात भजनाच्या एकाच बैठकीत भूप रागही येतो आणि भीमपलासही. साथीला माझी लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार. तिला मेजर कॉर्डचं, म्हणजे सा, शुद्ध ग, प या सुरांचं ट्यूनिंग होतं. भीमपलासात गंधार कोमल, पण शुद्ध गंधाराची तार मध्येच घुमायची आणि गाणाऱ्या काकांचा सूर हलायचा.

शेवटी सी सिक्स्थ, म्हणजे सी मेजर कॉर्डमध्ये सहावा सूर ए मिळवलेलं ट्यूनिंग लावलं. खालून वर ए सी ई जी, पुन्हा ए सी ई जी. पांढरी एकचा (सी) षड्ज धरला की ध सा ग प मिळतात, भूपाला आणखी काय हवं! पांढरी सहा (ए) धरली की त्याच तारा सा, कोमल ग, प, कोमल नी होतात. एकही खुंटी पिळावी लागत नाही! बाकीचे स्वर बार सरकवून, मींडेसह. काळी एकला (सी शार्प) बार पहिल्या पट्टीवर. नको त्या तारा उजव्या तळव्याने दाबतो.