ओरलँडोत डिस्नीजवळचा टाइमशेअर घेताय? आधी हे बघा

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठराविक काळ राहायचा विकत घेतलेला हक्क. फोटोतला स्विमिंग पूल बघून ठरवू नका, डिस्नीचं पार्क किती लांब ते आधी बघा. बे लेक टॉवर रिसॉर्टमधून मॅजिक किंगडम पार्कला चक्क चालत जाता येतं, बोर्डवॉक आणि बीच क्लब रिसॉर्टमधून एपकॉट पार्कला, आणि दुपारी पोरं कंटाळली की रूमवर आणून झोपवायची, संध्याकाळी परत जायचं, हे सुख बसची वाट बघण्यात नाही मिळत. किडानी व्हिलेज रिसॉर्टला सव्हाना व्ह्यू (प्राण्यांच्या कुरणाकडे तोंड असलेली खोली) घेतला तर सकाळी चहा घेऊन बाल्कनीत आलं की समोर जिराफ, पण तिथून कुठल्याही पार्कला जायला बस किंवा गाडीच लागते.

भारतातून आईबाबा येणार असतील तर वन बेडरूमच घ्या, स्टुडिओत फक्त मायक्रोवेव्ह नि छोटा फ्रिज असतो, तिथे मऊभाताचा कुकर कुठे लावणार. वन बेडरूममध्ये पूर्ण किचन आणि वॉशर-ड्रायर मिळतो. ओल्ड की वेस्ट रिसॉर्ट 1991 चं, जुनं आहे, पण खोल्या खरंच ऐसपैस.

आणि प्लीज, पहिल्याच ट्रिपला विकत घेऊ नका हो, आधीच टाइमशेअर घेतलेल्या मालकांकडून त्यांचे पॉइंट्स (ज्यांवर खोली बुक होते) भाड्याने घेऊन राहून बघा. खरेदीच्या करारावर सही केलीच असेल तर फ्लोरिडात रद्द करायला 10 दिवस मिळतात, लेखी कळवा.