यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर कुठे जायचं? आधी ओहोटीची वेळ बघा

व्हिटबी, स्कारबरो, रॉबिन हुड्स बे, फायली, बेम्प्टन. भारतातून घरचे आले की लीड्स-मँचेस्टरकडची आपली मंडळी ही पाचही नावं एका शनिवार-रविवारात बसवायला बघतात. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं. प्रत्यक्षात अर्धा दिवस गाडी लावायला जागा शोधण्यात जातो आणि उरलेला चिप्सच्या रांगेत. मी लीड्सला राहते, माहेर रत्नागिरीचं, आणि या किनाऱ्यावर माझा फार जीव आहे. म्हणून कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारते: कुठल्या तारखेला जाताय, आणि बरोबर कोण आहे? तारखेवरून ओहोटी कळते, माणसांवरून चढ किती झेपेल ते कळतं. मग जागा ठरवायला वेळ लागत नाही.

ओहोटीपासून सुरुवात करू. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, मध्ये साधारण सव्वासहा तास, आणि रोज सुमारे ५० मिनिटांनी वेळ पुढे सरकते. कोकणातल्या माणसाला यात नवीन काही नाही. व्हिटबीला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक ५ मीटरच्या आसपास जातो, म्हणजे दुपारी मुलं जिथे खड्डे खणत होती तिथे संध्याकाळी डोक्यावरून पाणी. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हाच फरक निम्म्यावर येतो. तिथीवरून भरतीची वेळ काढायचा आपला पाऊणपटीचा हिशोब मात्र मुंबई-कोकणचा आहे, तो इथे लावू नका. इथला अंदाज असा: पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे एकदोन दिवस ओहोटी सकाळी उशिरा ते दुपारी बाराच्या सुमारास येते, आणि पाणी खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास त्याच वेळेला भरती असते. त्यामुळे मुलांना घेऊन खडकांत हिंडायचं असेल तर मी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात बघून पौर्णिमा किंवा अमावास्येलगतचा शनिवार-रविवार धरते. अचूक वेळेसाठी व्हिटबी किंवा स्कारबरोचं भरतीचं वेळापत्रक बघायचंच. छापील वेळापत्रक ग्रिनिचच्या वेळेत असेल तर मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर त्यात एक तास मिळवावा लागतो. कुठली वेळ दिली आहे ते वरच लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.

आणि नियम एकच: ओहोटीच्या दोन तास आधी वाळूत उतरायचं, पाणी फिरलं की परतीला लागायचं. या किनाऱ्याला उंच कडे आहेत. पाणी कड्याला टेकलं की मागे जायला वाट राहत नाही.

ओहोटी दुपारची असेल आणि सगळ्यांचे गुडघे धड असतील तर डोळे मिटून रॉबिन हुड्स बे निवडा. गाडी वरच लावावी लागते. तिथून एकच अरुंद, उभ्या उताराचा रस्ता दाटीवाटीच्या, लाल कौलांच्या घरांमधून थेट समुद्रात उतरतो. हे एके काळी चोरट्या मालाच्या व्यापारासाठी नावाजलेलं गाव. भरतीला लाटा गावाच्या शेवटच्या भिंतींवर आपटतात. ओहोटीला त्याच जागी खडकाच्या लांबच लांब वाकड्या पट्ट्या उघड्या पडतात आणि त्यांच्या मधे पाणी साचून राहतं. या डबक्यांपाशी निवांत बसा, हीच इथे यायची खरी गोष्ट. पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही. मग कडेला चिकटलेला लाल गोळा दिसतो, जेलीच्या गोळीसारखा: तो समुद्रफुलाचा प्राणी, पाण्याखाली असला की हातपाय पसरतो, उघडा पडला की मिटून बसतो. मग एखादा शंख चालायला लागतो, कारण आत खेकडा राहायला आलेला असतो. दगड उचललात तर अलगद उचला आणि जसा होता तसाच पालथा ठेवा. खालचे जीव उन्हात उघडे पडले तर मरतात. लहान मुलांना हे आधीच सांगून ठेवावं, ती छान पाळतात.

इथल्या गोट्यांत ॲमोनाइट सापडतात, गुंडाळलेल्या शिंगासारखे दिसणारे, डायनोसोरच्या काळातले जीवाश्म. व्हिटबीकडची जुनी कथा अशी की संत हिल्डा यांनी मठासाठी जागा करताना तिथल्या सापांचे दगड केले. व्हिक्टोरियन काळात तर कारागीर ॲमोनाइटला सापाचं तोंड कोरून विकायचे. माझ्या आईला मी हा दगड हातात दिला तेव्हा ती लगेच म्हणाली, हा शाळिग्राम आहे. बरोबरच आहे, गंडकीतला शाळिग्रामही ॲमोनाइटचाच जीवाश्म असतो. वाळूत सुटा पडलेला लहान तुकडा शोधा. कड्यात मात्र हातोडी घालू नका आणि कड्याच्या पायथ्याशी बसूही नका. हे कडे ठिसूळ आहेत आणि सूचना न देता ढासळतात.

वेळ उरला तर दक्षिणेकडे वाळूवरून बॉगल होलपर्यंत चालत जा. तिथे यूथ हॉस्टेल आहे, चहा मिळतो. पाणी वाढायला लागलं असेल तर वाळूने परतू नका, कड्यावरच्या क्लीव्हलंड वेच्या पायवाटेने या.

गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर त्यांना हा उतार दाखवू नका. उतरतील, पण वर येताना हाल होतील. त्यांच्यासाठी फायली. सपाट फिरायचा रस्ता, बसायला बाकं, समोर मैलोन्मैल वाळू. फारसा गोंगाट नाही. माझ्या सासऱ्यांना सगळ्यात आवडलेली जागा हीच. उत्तरेला फायली ब्रिग नावाचा खडकाचा सुळका समुद्रात शिरलेला आहे, तो लांबूनच बघा. भरती चढत असताना त्यावर जाणं धोक्याचं आहे.

स्कारबरोबद्दल लोकांची मतं टोकाची असतात. साउथ बेला खेळांची यंत्रं, गाढवांवरची रपेट, आइस्क्रीम, गर्दी. मुलांना ते हवंच असतं, द्यावं तासभर. पण मोठ्यांसाठी इथलं खरं सुख म्हणजे कड्यावर चढ-उतर करायला लिफ्टगाड्या आहेत. ब्रिटनमधली अशी पहिली गाडी १८७५ साली इथेच साउथ क्लिफवर सुरू झाली. गावातून किनाऱ्यावर उतरणारी सेंट्रल ट्रॅमवे १८८१ची. निघण्याआधी त्या चालू आहेत ना ते बघून घ्या, सगळ्या बाराही महिने चालत नाहीत. नॉर्थ बे त्यामानाने शांत. पीझम पार्कजवळून १९३१ पासून चालणारी छोटी आगगाडी निघते, नातवंडं आणि आजीआजोबा दोघांनाही ती आवडते. दोन खाड्यांच्या मधल्या टेकाडावर किल्ला, त्याच्याखाली सेंट मेरी चर्चच्या आवारात ॲन ब्राँटेची कबर, १८४९ची. स्कारबरो भरतीतही निभावतं, पाणी वर असलं तरी फिरायला भरपूर आहे.

बेम्प्टनचं गणित वेगळं. तिथे भरती-ओहोटीचा संबंध नाही, महिन्याचा आहे. सुमारे १०० मीटर उंचीचे पांढरे खडूचे कडे, आणि त्यांवर हंगामात सुमारे ५ लाख समुद्रपक्षी. इंग्लंडच्या मुख्य भूमीवर गॅनेट पक्ष्यांची वसाहत फक्त इथे आहे. ते तुमच्या नाकासमोरून वाऱ्यावर तरंगत जातात, दुर्बीणही लागत नाही. पफिन बघायचे असतील तर एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत जा आणि दुर्बीण न्या, कारण पफिन जेमतेम ३० सेंटिमीटरचा असतो आणि कपारीत बसतो. ऑगस्टमध्ये पफिन दाखवायचं वचन मुलांना देऊ नका, तोवर ते समुद्रात निघून गेलेले असतात. वास उग्र येतो, हेही सांगून ठेवते.

आता व्हिटबी. इथे सगळे जातात आणि जावंच, पण भरतीच्या वेळेला. कारण बंदराच्या मधला फिरता पूल बोटींसाठी उघडतो तो भरतीच्या आगेमागे साधारण दोन तासांतच. पूल बाजूला वळतो, दोन्हीकडे माणसं थांबतात, मासेमारीच्या बोटी मधून जातात. वर मठाचे अवशेष आहेत. पहिला मठ ६५७ सालचा, आज दिसतात त्या कमानी नंतरच्या. तिथे जायला १९९ पायऱ्या आहेत, पण मठाजवळ वरच गाडीतळ आहे, तेव्हा ज्येष्ठांना गाडीने वर न्या आणि तरुणांना पायऱ्यांनी पाठवा. कॅप्टन कुक उमेदवारी करत होता ते ग्रेप लेनवरचं घर आज संग्रहालय आहे. त्याचं एंडेव्हर जहाजही व्हिटबीतच बांधलेलं.

जेटचे दागिने घ्यायचे असतील तर दोन खुणा लक्षात ठेवा. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षं दबलेलं, काळं झालेलं लाकूड, म्हणून हातात घेतल्यावर ते हलकं लागतं आणि गार लागत नाही. त्याच रंगाची काच जड आणि गार. दुसरं म्हणजे, चकाकी नसलेल्या चिनी मातीवर घासलं तर जेटची रेघ तपकिरी उमटते. ही परीक्षा दुकानदाराला करून दाखवायला सांगा. प्रिन्स अल्बर्ट १८६१ साली गेल्यावर व्हिक्टोरिया राणीने दुखवट्यात जेट घातलं आणि या गावाचा धंदा भरभराटीला आला. मला स्वतःला साधा, न कोरलेला मणी आवडतो.

या सगळ्याची सांगड अशी घाला. समजा शनिवारी ओहोटी बाराला आहे. दहाला रॉबिन हुड्स बे, दुपारी बारापर्यंत खडकांत, मग वर येऊन जेवण, तीनला व्हिटबी, मठ बघून पाचच्या पुढे पुलापाशी, कारण भरती सहाच्या सुमारास. ओहोटी संध्याकाळी सहाला असेल तर उलटं करा: सकाळी व्हिटबी, दुपारी थोडी विश्रांती, आणि चारनंतर व्हिटबीजवळच्या सँडसेंडच्या वाळूवर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, घाई नसते. एका दिवसात दोन जागा, त्याहून जास्त नको.

खाण्याबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. यॉर्कशायरमध्ये चिप्स परंपरेने बीफच्या चरबीत तळतात. बटाट्याचेच आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. रांगेत लागण्याआधी विचारा की तळण कशात आहे. वनस्पती तेल वापरणारी दुकानं आहेत, पण तिथेही मासे आणि चिप्स एकाच तळणात आहेत का ते विचारा. घरचे कडक शाकाहारी असतील तर दशम्या, चटणी, धपाटे बरोबर ठेवा, बाकावर बसून खायला मजा येते. मासे खाणाऱ्यांनी इथे हॅडॉक मागावा, यॉर्कशायरची पसंती कॉडपेक्षा त्यालाच. खेकड्याचं सँडविच आणि धुरी दिलेली हेरिंगही चाखून बघा. खाताना पाठ भिंतीला लावून बसा, सीगल पक्षी हातातलं ओढून नेतात.

कपड्यांचं म्हणाल तर जुलैतही प्रत्येकाचं जाकीट हवं. लीड्सला २५ अंश असताना इथे समुद्रावरून धुकं येऊन गारठा पडतो. इथले लोक त्याला सी फ्रेट म्हणतात. पूर्वेचा वारा असेल तर हमखास. असं धुकं आलं की थोडं आत, मूर्स म्हणजे उंच माळरानांकडे सरका, तिथे बऱ्याचदा ऊन असतं. समुद्राचं पाणी भर उन्हाळ्यातही १५ अंशांच्या वर फारसं जात नाही. पोहायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय घालू नका. कुणी अडकलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं.

आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, इथे तो समुद्रातून वर येतो. जूनमध्ये साडेचारलाच. भारतातून नुकत्याच आलेल्या आईबाबांना तशीही चारला जाग येते, तेव्हा एक मुक्काम किनाऱ्यावर करा आणि त्यांना तो उगवताना दाखवा. व्हिटबीचा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे जूनच्या मध्यावर तिथल्या धक्क्यावरून सूर्यास्तही समुद्रात दिसतो. माझ्या मते जूनच सगळ्यात चांगला: पफिन असतात, दिवस मोठा, आणि इथल्या शाळांना सुट्टी लागलेली नसते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून खोल्या महागतात आणि मिळतही नाहीत.

गाडी नसेल तर मुक्काम स्कारबरोत करा. यॉर्कहून आगगाडीने तासाच्या आत पोचता येतं, आणि तिथून एक्स ९३ क्रमांकाची बस रॉबिन हुड्स बे करून व्हिटबीला जाते. लीड्सहून थेट व्हिटबीला जायला ८४० क्रमांकाची कोस्टलायनर बस आहे. वेळ बराच लागतो, पण मूर्सवरून जाणारा रस्ता इतका देखणा आहे की मी तीच घेते, आणि वरच्या मजल्यावर पुढची जागा धरते. परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र उतरल्या उतरल्या थांब्यावर बघून ठेवा, संध्याकाळनंतर फेऱ्या विरळ होतात.