हेड गॅस्केट गेलं म्हणण्याआधी

कामाला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. एक वापरलेली पेट्रोल गाडी आली, तक्रार एवढीच की रेडिएटरचं पाणी खाते. मी ऑइलचं झाकण उघडलं, आतून पांढरट फेस दिसला आणि मालकासमोरच बोलून गेलो, "हेड गॅस्केट गेलंय." म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं सील फुटून पाणी ऑइलमध्ये शिरतंय. मिस्त्रींनी मला डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढायला लावली. ऑइल स्वच्छ होतं. मग त्यांनी मालकाला विचारलं, "रोज किती चालवता?" दोन-तीन किलोमीटर. एवढ्यात इंजिन पुरतं तापतच नव्हतं. आतली वाफ गार झाकणाला लागून ऑइलमध्ये मिसळत होती. पाणी जात होतं वॉटर पंपाच्या सीलमधून, थेंबथेंब. माझं ऐकून हेड उतरवलं असतं तर त्या माणसाला केवढा भुर्दंड पडला असता, हे आजही मनातून जात नाही.

तेव्हापासून दोन वेगवेगळ्या तपासण्या एकच गोष्ट सांगेपर्यंत मी हेडच्या बोल्टला पाना लावत नाही.

सुरुवात गार इंजिनावर करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका, उकळतं पाणी उसळून अंगावर येतं. पाणी भरा, झाकण लावा, इंजिन सुरू करून वरचा होस पाइप दाबत राहा. पाणी गारच असताना मिनिटा-दोन मिनिटांत पाइप टणक झाला, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय असा संशय घ्यायला जागा आहे.

मग प्रेशर टेस्ट. इंजिन गार असतानाच रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेला दाब द्या, त्याहून जास्त नको. काटा उतरतोय आणि बाहेर कुठे ओल नाही, तर आधी पायाखालचं कार्पेट चाचपा, हीटरची गळती तिथे उतरते. तेही कोरडं असेल तर प्लग काढून सिलिंडरमध्ये पाणी शोधा. डिझेल गाडीत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर पाण्याने गार करणारा भाग) फुटला तरी पाणी कमी होतं आणि पांढरा धूर येतो. तो तपासल्याशिवाय गॅस्केटला दोष देऊ नका.

निळ्या द्रावणाची टेस्ट सोपी आहे: द्रावणाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून पाण्यावरची हवा त्यातून ओढायची, जळालेला गॅस लागला की पेट्रोल गाडीत ते पिवळं होतं. नळीत पाणी ओढलं जाऊ देऊ नका. रंग बदलला नाही म्हणून लगेच निर्धास्तही होऊ नका, बारीक गळती कधीकधी इंजिन तापून लोड आल्यावरच उघडते.

माझा सर्वात जास्त भरवसा लीक-डाउन टेस्टवर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून निसटते ते बघण्यावर. पुढे अशीच एक गाडी आली. सकाळी मिनिटभर मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नव्हता, नंतर ठीक. तीन प्लग काजळलेले, तिसऱ्या सिलिंडरचा मात्र धुतल्यासारखा स्वच्छ. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री केली आणि प्लगच्या भोकातून हवा सोडली. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे यायला लागले. प्रेशर टेस्टमध्येही काटा उतरला होता. तेव्हा कुठे मालकाला सांगितलं.

हेड उतरवल्यावर तिसऱ्या सिलिंडरपासून पाण्याच्या भोकापर्यंत गॅस्केट जळालेलं दिसलं. हेड ॲल्युमिनियमचं, गाडी आधी कधीतरी तापलेली. सरळ पट्टी ठेवली तर खालून फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांचं) ०.१० मिमीचं पान सहज गेलं, म्हणजे हेड वाकलं होतं. नवं गॅस्केट बाजूला ठेवलं आणि हेड आधी फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला, पाठवलं.