धरणावर विंडसर्फिंग: आधी वाऱ्याच्या तोंडावर जा

नवशिके वाऱ्याबरोबर सुसाट जातात, परत येता येत नाही. मग शीड-बोर्ड सावरत पलीकडच्या काठाने चिखलातून पायपीट!

१. मूठभर सुकं गवत उडवा. वारा पाण्यावरून तोंडावर येत असेल, त्याच काठावरून पाण्यात उतरा. पवनेसारख्या डोंगरांमधल्या जलाशयात आडोशाला वारा फसवा असतो, म्हणून हे उघड्यावर करा.

२. पहिली १०-१५ मिनिटं, अंगात दम असतानाच, नागमोडी वळणं घेत वाऱ्याच्या उलट दिशेने, म्हणजे वारा येतो तिकडे, सरका. कंटाळवाणं आहे खरं, पण पुढे दमलात किंवा काही तुटलं, तर वाराच गाडीकडे आणून सोडतो.

लाइफ जॅकेट हवंच. शीड सुटलं तरी बोर्ड सोडून पोहत निघू नका. सांडव्याच्या आसपास फिरकूच नका.