पगार वाढला का नुसता आकडा वाढला, ते घरी बसून कसं काढायचं

दिवाळीच्या तोंडावर मालक म्हणतो "जा, पाचशे वाढवले", आपण मान हलवतो, मिठाईचा पुडा घेऊन घरी येतो आणि दोन महिन्यांनी किराणावाल्याची वही बघितली की कळतं पाचशे कुठं गेले ते. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात अकरा वर्षं हजेरी आणि पगारपत्रक लिहिलंय, म्हणजे टेबलाच्या पलीकडं बसून हे बघितलंय, म्हणून सांगतो.

आधी चार-पाच वर्षांपूर्वीचा पगार शोधा. स्लिप नसली तर बँकेचं पासबुक, पीएफचं पासबुक, काहीही चालेल. आमच्याकडं कांड्या भरणाऱ्या (मागासाठी सूत गुंडाळून देणाऱ्या) एक मावशी होत्या, त्यांनी आठवड्याच्या पगाराची सगळी पाकिटं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेली, प्रत्येकावर पेन्सिलनं लिहिलेलं की उचलीचे, म्हणजे मालकाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाचे, किती कापले. त्या डब्यापुढं माझं रजिस्टर दोनदा खोटं ठरलं, काय सांगायचं आता.

आता महागाई. केंद्राचं लेबर ब्युरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक काढतं आणि त्यात सोलापूरचा वेगळा आकडा असतो हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहितीच नाही. तो मिळाला तर उत्तम, नाहीतर देशाचा घ्या. डिसेंबर २०२० ला तो ११८.८ होता आणि डिसेंबर २०२४ ला १४३.७, म्हणजे चार वर्षांत साधारण २१ टक्के महागाई. मोबाईलवर गणित करा: जुना पगार गुणिले १४३.७ भागिले ११८.८. तेव्हा १०,००० मिळत होते तर २०२४ अखेर तेच सामान आणायला १२,०९६ पाहिजेत. तुम्हाला ११,५०० मिळत असले तर दीड हजाराची वाढ झाली असं वाटतं, पण खरं तर दरमहा सहाशेची कपात झालीय.

नगावर काम असेल तर अजून एक भानगड आहे. हातात जास्त पैसे येतात, पण पूर्वी दोन माग चालवत होता आणि आता चार चालवता, किंवा आठाचे बारा तास झालेत, मग वाढ दिली कुणी? तुमच्याच अंगानं दिली की! म्हणून आठवड्याची कमाई भागिले एकूण तास एवढंच धरा, जुनं आणि नवं. विड्या वळणाऱ्यांनी हजारी दर घ्यायचा आणि हजार विड्यांना किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं, त्यात पानं कापायचा वेळ पण धरायचा.

मग किमान वेतन बघा. मूळ दर वर्षानुवर्षं तोच राहतो, पण त्यावरचा विशेष भत्ता, म्हणजे महागाईप्रमाणे ठरणारी रक्कम, १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, आणि तो बदल कारखान्यापर्यंत पोचायला लई वेळ लागतो (मी स्वतः पण कुणी विचारल्याशिवाय कधी लावला नाही, खोटं कशाला बोलू). तुमच्या उद्योगाचा चालू दर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात विचारा.

मालकाला परवडतं का हे पण बघावं, नुसतं भांडून उपयोग नाही. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तिचा ताळेबंद कंपनी मंत्रालयाच्या साईटवर शंभर रुपये भरून बघता येतो. आपल्याकडं मात्र बरीच युनिटं एकट्याच्या नावावर नाहीतर भागीदारीत, तिथं कागद मिळत नाही, तिथं डोळे उघडे ठेवा: नवे रॅपिअर माग (जलद चालणारे, बिनधोट्याचे) आले का, महिन्याला गाड्या किती भरतात. माल परदेशात जात असेल तर डॉलरचा भाव बघा, २०२० अखेर ७३-७४ रुपये होता, २०२४ अखेर ८५. अर्थात सूत पण महागतं, परदेशातला खरेदीदार पाकिस्तानचा भाव दाखवून दाबतो आणि ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ (आयात कर) लावला तेव्हा खरंच अडचण झाली. फक्त मंदीची बातमी कामगारांपर्यंत लगेच पोचते, तेजीची पोचत नाही. देशभर तेच चाललंय, २०२४-२५ च्या सरकारी आर्थिक पाहणीतच लिहिलंय की २०२३-२४ ला मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि नोकऱ्या १.५ टक्के.

मागायला एकट्यानं जाऊ नका, चार-पाच जण जा, आणि शनिवारी पगारवाटपाच्या गडबडीत तर नकोच. एकाच कागदावर जुना दर, नवा दर, महागाई आणि तुमची मागणी, खाली तारीख आणि सगळ्यांच्या सह्या, एक प्रत आपल्याकडं. "परवडत नाही भाऊ" म्हणाले तर विचारा कितपर्यंत परवडतं, आणि जो आकडा येईल तो तिथल्या तिथं कागदावर लिहून घ्या. आणि ज्याच्या अंगावर मोठी उचल आहे त्याला बोलायला पुढं करू नका, पहिल्यांदा त्याचीच वही उघडतात.