मुंबई-दुबई विमानाला खरंच किती वेळ लागतो, कसं काढायचं

मावशी पहिल्यांदाच दुबईला निघालीय लेकीकडे, तिकीट हातात पडल्यावर लगेच मला फोन, "अरे पहाटे साडेचारला सुटतं नि सव्वासहाला पोचतं, पावणेदोन तासच की, दिल्लीपेक्षा जवळ!" नाही गं बाई. तिकिटावर सुटायची वेळ इथल्या घड्याळाची आणि पोचायची तिथल्या घड्याळाची असते, दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून जाताना पावणेदोनात दीड मिळवायचा, झाले सव्वातीन तास. येताना उलटं. दुबईहून रात्री 10 ला सुटून मुंबईत 2:25 दिसत असेल तर 4 तास 25 मिनिटांतून दीड तास वजा, म्हणजे 2:55. तारीख बदलते तेही बघा, शेजारी बारीक +1 लिहिलेलं असतं ते बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं.

आता अंतर. कॉम्प्युटरवर गुगल मॅप्स उघडा, मुंबई एअरपोर्टवर राईट क्लिक करून 'मेजर डिस्टन्स' घ्या आणि मग दुबई एअरपोर्टवर क्लिक करा, साधारण 1930 किमी येतं. एअरपोर्ट मात्र बरोबर पकडा, एअरपोर्टचा कोड मुंबईचा बीओएम आणि दुबईचा डीएक्सबी, कारण नवी मुंबई एनएमआय वेगळं आणि दुबईतच दुसरं डीडब्ल्यूसी पण आहे. आणि एकक बघा हां! काही साईट 1200 दाखवतात ते मैल असतात, 1040 च्या आसपास दिसलं तर नॉटिकल मैल (1 नॉटिकल मैल = 1.852 किमी), आणि लोक तोच आकडा किमी समजून भागाकार करत बसतात.

जेट विमान वर गेलं की ताशी 800-900 किमीने जातं, 850 धरा. 1930 भागिले 850 म्हणजे सव्वादोन तास, त्यात टॅक्सी (म्हणजे विमानाचं जमिनीवर रनवेपर्यंत चालणं), चढणं, उतरणं याचा अर्धा तास टाका, पावणेतीन. मग तिकिटावर सव्वातीन का? एकतर विमान नकाशावरच्या सरळ रेषेत जात नाही, ठरलेल्या हवाई मार्गाने जातं, शिवाय मुंबईत रनवेसाठी रांग लागते ती वेगळीच, आणि वरचं वारं बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतं, हिवाळ्यात तर जोरात, त्यामुळे जाताना ते तोंडावर येतं आणि येताना पाठीवर. म्हणून येताना पंधरा-वीस मिनिटं वाचतात.

खात्रीच करायची तर फ्लाइटरडार या विमानांचा माग दाखवणाऱ्या साईटवर फ्लाइट नंबर टाकून मागच्या काही दिवसांत ती खरी कधी सुटली कधी उतरली ते बघा, मी तर तेच करतो.

आणि हो, तिकिटावरची पोचायची वेळ म्हणजे विमान गेटला लागायची वेळ, तुम्ही बाहेर यायची नाही. पुढे इमिग्रेशन आणि बॅगा आहेतच, त्यामुळे मावशीच्या लेकीला सांगून ठेवलंय, सव्वासहाला येऊन उभी राहू नकोस, सातनंतर ये.